बालपणीच्या अस्वस्थ आठवणीतून भयकथा कशी लिहावी: सीमाभागातील नवलेखकांसाठी

माझ्या आजोळी, बेळगावच्या वडगावात, एका पावसाळी दुपारी घरातील सगळे झोपलेले असताना बाहेरच्या सोप्यात मागाच्या खड्ड्यात बसून एक माणूस विणत होता, असे मला स्वच्छ आठवते. मी तेव्हा चार वर्षांचा असेन. तो हातमाग मात्र माझ्या जन्माच्या दोन वर्षे आधीच विकला गेला होता आणि खड्डा बुजवून त्यावर शहाबादी फरशी बसवली होती, असे आजोळची माणसे सांगतात. या आठवणीची कथा करण्याचे माझे पहिले चार प्रयत्न फसले, कारण मी तिची भुताची गोष्ट करत होतो. पाचव्या वेळी काय बदलले, ते या लेखात क्रमाने सांगतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील जे मराठी लेखक पहिल्यांदाच मानसशास्त्रीय भयकथेच्या वाटेला जात आहेत, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिले आहे.

आधी फरक लक्षात घ्यावा. पिंपळावरचा मुंजा किंवा रानवाटेवरचा चकवा घराबाहेर असतो, आणि माणूस घरी पोहोचला, देवापाशी दिवा लागला की त्याची गोष्ट संपते. मानसशास्त्रीय भयकथेत धोका घरातच असतो. किंबहुना ज्याला आठवते आहे त्याच्या डोक्यात असतो, आणि तिथून पळून जाण्याची सोय नसते. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९१९ साली याच भावनेवर एक निबंध लिहिला. ‘घरचे, ओळखीचे’ अशा अर्थाचा एक जर्मन शब्द ‘झाकलेले, लपवलेले’ या अर्थापर्यंत कसा सरकतो, हे त्यांनी त्यात दाखवले आहे. ओळखीचेच अनोळखी वाटू लागते तेव्हा अंगावर येणारा काटा वेगळा असतो, आणि बालपणीचे घर हे त्याचे सर्वांत जवळचे ठिकाण आहे.

पहिली पायरी: आठवण निवडणे

घरात वारंवार सांगितला जाणारा प्रसंग निवडू नये. ‘तू लहानपणी विहिरीत पडला होतास’ ही गोष्ट मावशीने शंभर वेळा सांगून गुळगुळीत केलेली असते, आणि तिच्यात तुमचे स्वतःचे असे फारसे काही उरलेले नसते. त्याऐवजी लहान, बिनकामाची, कोणालाही न सांगितलेली आठवण शोधावी: बंद असलेल्या न्हाणीतून येणारा पाण्याचा आवाज, पाहुण्यांसमोर आईने अचानक बदललेला स्वर, परड्यातील आडावर कायम ठेवलेली फळी. जिचे कारण तुम्हाला आजही सांगता येत नाही आणि तरीही जी वर्षानुवर्षे पुसली गेलेली नाही, ती आठवण कामाची. माणसाच्या सर्वांत जुन्या आठवणी साधारणपणे तीन ते साडेतीन वर्षे वयाच्या आसपासच्या असतात आणि त्याआधीचे जवळजवळ काहीच हाती लागत नाही. त्यामुळे ‘मी पाळण्यात होतो आणि वर कोणीतरी वाकून पाहत होते’ अशी आठवण कोणी सांगू लागला, तर ती कुठून आली हा प्रश्नच कथेचे बीज ठरू शकतो.

आठवण निवडल्यावर दहा मिनिटे घड्याळ लावावे आणि ती हाताने, एकही विशेषण न वापरता लिहावी. माझ्या वहीत एवढेच आले होते (धोटा म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारे साधन): ‘सोपा. पाऊस. माग चालू. माणूस कमरेपर्यंत. त्याने धोटा वर करून मला दाखवला. मागावर सूत नव्हते.’ शेवटचे वाक्य लिहीपर्यंत ते मला आठवत आहे हेच मला ठाऊक नव्हते.

दुसरी पायरी: आठवण तपासणे

ही पायरी बहुतेक नवे लेखक गाळतात, आणि खरा ऐवज तर इथेच सापडतो. वहीचे पान उभे तीन रकान्यांत विभागावे. पहिल्या रकान्यात फक्त तुम्ही पाहिलेले किंवा ऐकलेले लिहावे, दुसऱ्यात इतरांनी सांगितलेले आणि तिसऱ्यात फोटो, उतारे, रेशनकार्ड, शाळेचा दाखला यांतून दिसणारे. काही गोष्टी कोणत्या रकान्यात घालाव्यात हे ठरत नाही. त्यांच्याखाली रेघ मारून ठेवावी.

हे का करायचे, याचे उत्तर मानसशास्त्राच्या प्रयोगशाळांनी दिलेले आहे. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच दाखवले होते की माणूस आठवण जशीच्या तशी बाहेर काढत नाही. प्रत्येक वेळी तो ती नव्याने रचतो आणि रचताना आपल्या ओळखीच्या साच्यात बसवतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी १९७४ साली विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली. गाड्या ‘एकमेकींना लागल्या’ तेव्हा वेग किती होता, असे काहींना विचारले आणि ‘एकमेकींवर जोरात आदळल्या’ तेव्हा किती होता, असे इतरांना. आठवड्याने ‘फुटलेली काच पाहिली का’ असे विचारल्यावर पहिल्या गटातील ५० पैकी ७ जण ‘होय’ म्हणाले, तर दुसऱ्या गटातील ५० पैकी १६ जण. चित्रफितीत फुटलेली काच नव्हतीच. पुढे १९९५ साली लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांनी २४ जणांना त्यांच्या लहानपणच्या तीन खऱ्या प्रसंगांबरोबर बाजारसंकुलात हरवल्याचा एक खोटा प्रसंगही वाचायला दिला. सुमारे पाव लोकांना तो पूर्ण किंवा थोडाफार ‘आठवला’.

एका शब्दाने काच फुटत असेल, तर नातेवाइकांना प्रश्न विचारताना जपावे लागते. ‘सोप्यात माग होता ना?’ असे विचारले की मामी ‘होता की’ म्हणणार आणि मग तिलाही तो दिसू लागणार. ‘बाहेरच्या सोप्यात काय काय असायचे?’ असे विचारावे, प्रत्येकाला वेगळे गाठावे आणि उत्तरे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत, पण अर्थातच त्यांना सांगून. माझ्या थोरल्या मामीच्या मते माग बाहेरच्या सोप्यात होता आणि १९७० च्या दशकात तो विकला. धाकट्या मावशीच्या मते सोप्यात खड्डा कधीच नव्हता. माग मागच्या पडवीत होता. दोघी त्याच घरात राहत होत्या. सोप्यातील फरशीचा एक चौकोन बाकीच्या फरशीहून काळपट आहे, एवढे मात्र मी स्वतः जाऊन पाहिले आहे.

याच पायरीत आणखी एक गोष्ट पाहावी. डोळे मिटून आठवणीत शिरल्यावर तुम्हाला समोरचे दिसते, की स्वतःची लहान पाठमोरी आकृतीही दिसते? जॉर्जिया निग्रो आणि अल्रिक नाइसर यांनी १९८३ साली या दोन प्रकारांचा अभ्यास केला आणि बाहेरून पाहिल्यासारख्या आठवणी अनेकांना असतात हे नोंदवले. म्हणजे यात आजार काही नाही. पण भयकथा लिहिणाऱ्याने इथे थांबून विचारावे, की उंबऱ्यावर उभे असलेले ते मूल मी असेन, तर त्याच्याकडे मागून पाहणारे डोळे कोणाचे?

तिसरी पायरी: फट शोधणे

तीन रकान्यांत जिथे मेळ बसत नाही, तिथे कथा आहे. ही फट बुजवण्याचा मोह आवरावा. कथेतील प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीला दोन स्पष्टीकरणे असावीत, दोन्ही पटण्यासारखी असावीत आणि शेवटपर्यंत कोणतेही एक जिंकू नये. माझ्या आठवणीचे साधे स्पष्टीकरण सरळ आहे: शेजारच्या घरात माग होता, मी तिथे गेलो असेन आणि पुढे दोन्ही सोपे एकमेकांत मिसळले असतील. हे स्पष्टीकरण मी कथेत स्वतःहून, मधल्या भागातच, निवेदकाच्या तोंडी घातले. वाचकाला ‘अरे, हे तर असे झाले असेल’ असे म्हणण्याची संधी लेखकाने आधीच काढून घेतली पाहिजे. त्यानंतर, साध्या स्पष्टीकरणात न बसणारी एकच लहान वस्तू पानावर ठेवावी. दोन ठेवल्या तर कथा भुताकडे झुकते.

चौथी पायरी: मुलाच्या उंचीवरून पाहणे

चार वर्षांचे मूल जमिनीपासून साधारण तीन फुटांवरून जग पाहते. त्याला माणसांचे चेहरे नंतर दिसतात. आधी गुडघे, निऱ्या, ताटाखालचा पाट, पलंगाखालचा अंधार आणि दाराच्या फटीतून हलणारी सावली दिसते. लिहिण्यापूर्वी खरोखर त्या खोलीत उकिडवे बसून पाहावे. विणकराचे उदाहरण घ्या. खड्डामागावर बसणारा माणूस जमिनीच्या पातळीवर टेकतो, त्याचे पाय खड्ड्यातील, पायाने दाबायच्या पावड्यांवर असतात आणि उभ्या मुलाचे तोंड त्याच्या तोंडाहून किंचित वर येते. मोठ्यांना यात काही वावगे दिसत नाही. मुलाला मात्र कमरेपासून जमिनीतून उगवलेला माणूस दिसतो, जो कधीच उठून उभा राहत नाही. या दृश्यात भूत आणण्याची गरजच पडत नाही.

माझ्या पहिल्या मसुद्यातील वाक्य असे होते: ‘त्या भयाण दुपारी काळोख्या सोप्यात एक गूढ आकृती माझ्याकडे क्रूर नजरेने पाहत असल्याचे पाहून माझ्या काळजाचा ठोका चुकला.’ पाचव्या मसुद्यात ते असे झाले: ‘सोप्यातला माणूस माझ्याएवढाच होता. त्याला पाय नव्हते. त्याने धोटा वर करून दाखवला, म्हणून मीही माझा पेरू वर करून दाखवला.’ पहिल्या वाक्यात लेखक वाचकाला घाबरायला सांगतो आहे. दुसऱ्यात मूल घाबरलेलेच नाही, आणि म्हणून वाचकाला त्याच्या वाटणीचे घाबरावे लागते. मूल ज्या गोष्टीला नेहमीची समजते, तिच्यातील विपरीत वाचकाने ओळखावे, असे अंतर राखता आले की निम्मे काम झाले.

एक अडचण इथे हमखास येते. लहान मुलाच्या तोंडी मोठ्यांचे शब्द येतात. ‘अस्वस्थ’, ‘संशय’, ‘वातावरण’ हे शब्द चार वर्षांच्या मुलाकडे नसतात. त्यावर दोन उपाय आहेत. एक, संपूर्ण कथा मुलाच्या शब्दसंग्रहात लिहावी, जे फार कठीण आहे आणि चार-पाच पानांपुढे कंटाळवाणे होते. दुसरा, मोठ्या झालेल्या निवेदकाला बोलू द्यावे, पण प्रत्यक्ष आठवणीच्या क्षणी त्याची वाक्ये आखूड करावीत आणि त्याचे मत काढून घ्यावे. नवख्याने दुसऱ्या मार्गाने जावे, असे मला वाटते.

पाचवी पायरी: दोन भाषांचा उपयोग

सीमाभागातील लेखकाकडे एक भांडवल असे आहे, जे पुण्याच्या किंवा नागपूरच्या लेखकाकडे नाही. आपल्या कानावर कन्नड पडते, पण तिचा अर्थ पुष्कळ उशिरा पोहोचतो. आजोळच्या शेजारी एक अक्का राहायची. मला पाहिले की हसून ती कोणाला तरी सांगायची, ‘इंव नम्म हुडुग अल्ल.’ मला ते लाडाचे बोल वाटायचे आणि मी ते तालावर म्हणत अंगणात उड्या मारायचो. आजी आतून ओरडायची, ‘काय करुलालास रे?’ आणि मी गप्प व्हायचो. पुढे नोकरीमुळे कन्नड शिकावे लागले आणि पंचविशीत एकदा बसमध्ये उभा असताना, कोणी काही बोलले नसताना, त्या वाक्याचा अर्थ लागला: हा आमचा मुलगा नव्हे.

याचेही साधे स्पष्टीकरण आहे. दारावर आलेली भाजीवाली ‘हा तुमचाच का’ असे विचारत असेल आणि अक्का तिला उत्तर देत असेल. तरीही अर्थ लागायला वीस वर्षे गेली, या उशिरातच भय आहे. कथेत असे वाक्य आले तर लगेच भाषांतर देऊ नये. ज्याला कन्नड येत नाही तो वाचक त्या मुलासारखाच केवळ नाद ऐकतो. ज्याला येते तो मुलाच्या आधी समजतो आणि पुढची पाने धास्तावून वाचतो. एकाच वाक्यातून दोन वाचकांना दोन वेगळ्या वेळी घाबरवण्याची ही सोय आहे. अशी वाक्ये एखाद्या कन्नड बोलणाऱ्या मित्राकडून तपासून घ्यावीत, कारण उत्तर कर्नाटकातील बोली आणि पुस्तकी कन्नड यांत फरक आहे आणि चुकलेले एक रूप सगळा परिणाम घालवते.

कागदपत्रांचेही तसेच आहे. बेळगाव जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे कित्येक घरांतील जुने कागद मराठीत आणि पुढचे कन्नडमध्ये आहेत. आडनावाचे रूप बदललेले आहे, जन्मतारखा जुळत नाहीत, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नावही बेळगावी झाले आहे. रेशनकार्डावर घरातील माणसांपेक्षा एक नाव जास्त आहे आणि ती लिपी वाचता येणारे घरात कोणी नाही, एवढ्यावर एक कथा उभी राहू शकते. इथे एक पथ्य मात्र पाळावे. सीमाप्रश्नाचा राग भयकथेत ओतू नये आणि कन्नडला भुताची भाषा करू नये. तसे केले की कथा भाषण होते. माझ्या कथेत मुलाला शेवटी कडेवर घेऊन गप्प करणारी बाईही तीच अक्का आहे.

सहावी पायरी: जागा आणि आवाज

सगळा गाव कथेत आणू नये. एक आवाज किंवा एक वास पुरतो. वडगाव-शहापुरात यंत्रमागांची खडखड गल्लीभर चालू असते आणि वीज गेली की ती एकदम तुटते. त्यानंतर काही क्षण कानात ती चालूच राहते. नसलेला माग ऐकू येण्याचा हा अनुभव तिथल्या प्रत्येकाला आहे, म्हणून तो विश्वासार्ह ठरतो. निपाणीच्या लेखकाकडे तंबाखूच्या वखारीचा घशाला झोंबणारा वास आहे, खानापूरच्या लेखकाकडे कौलांवर दिवसरात्र पडणारा पाऊस, बेळगावच्या लष्करी कॅम्पजवळ वाढलेल्याकडे पहाटेचा बिगुल. ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे दारावर लिहिण्याची प्रसिद्ध गोष्ट मात्र वापरू नये. ती इतकी मळलेली आहे की वाचक ओळखीचे हसतो. लहानपणी घातली जाणारी बागुलबुवाची आणि गुम्माची भीती वापरायची असेल तर ती कोणी घातली आणि का घातली, हे पाहावे. बहुधा त्या खोलीत मुलाने जाऊ नये, असे कोणाला तरी वाटत होते.

सातवी पायरी: मांडणी

पहिल्या प्रयत्नासाठी दोन ते अडीच हजार शब्द पुरेत. आठवण सुरुवातीला, जशी आठवते तशी, मग चौकशी, मग साधे स्पष्टीकरण, मग न बसणारी वस्तू, आणि पुन्हा तीच आठवण, एका तपशिलाने बदललेली. शेवट झोपेतून जागे होण्याने किंवा वेड्यांच्या इस्पितळात करू नये. मनोरुग्णाला राक्षस ठरवणारे शेवट अन्यायकारक तर आहेतच, शिवाय आळशीही आहेत.

आठवी पायरी: स्वतःला आणि इतरांना जपणे

आठवणी चाळताना कधी खरोखरचा घाव हाती लागतो. लहानपणी झालेला अत्याचार, मारहाण, घरातील आत्महत्या असे काही वर आले आणि झोप उडू लागली, तर लेखन बाजूला ठेवावे. कथेला घाई नसते. विश्वासातल्या माणसाशी बोलावे. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक चोवीस तास चालतो, आणि धारवाडला सरकारी मानसिक आरोग्य संस्थाही आहे. दुसऱ्याच्या दुःखाचा मसाला करणेही टाळावे. गल्लीतील एखादी मुलगी यल्लम्माला सोडली गेली होती, म्हणजे देवदासी केली गेली होती, ही आठवण आपल्याकडे अनेकांना आहे. ती प्रथा कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंद करण्यात आली. तिच्या गळ्यातील मण्यांचे भीतिदायक वर्णन करून थरार निर्माण करणाऱ्या लेखकाने, तिथे भ्यायचे कोणाला होते, याचा आधी विचार करावा. हयात नातेवाइकांची नावे, गल्ली आणि व्यवसाय बदलावेत. मी इथेही काही बदलले आहे.

नववी पायरी: पुनर्लेखन आणि पाठवणे

मसुदा दोन आठवडे मिटून ठेवावा. नंतर ‘भयाण’, ‘गूढ’, ‘विचित्र’, ‘अचानक’, ‘अंगावर काटा’ हे शब्द शोधून एकेक काढावेत. वाक्य त्यांच्याविना पडत असेल, तर ते मुळातच उभे नव्हते. कथा मोठ्याने वाचून दाखवावी, शक्यतो दिवसा आणि भयकथा न आवडणाऱ्या माणसाला. तो कुठे चहाच्या कपाकडे हात नेतो, ते पाहावे. तिथे कथा सैल आहे.

दिवाळी अंकांसाठी कथा पावसाळा सरण्याआधीच पाठवावी लागते. कडोली, येळ्ळूर, उचगाव येथील ग्रामीण साहित्य संमेलनांत या भागातील लिहिणारी माणसे भेटतात आणि तिथे झालेल्या ओळखीतून कथा वाचून पाहणारा एखादा जाणकार मिळू शकतो. कथेवर ‘सत्यघटनेवर आधारित’ असे लिहू नये, कारण इतक्या कष्टाने उघडी ठेवलेली फट त्या दोन शब्दांनी बंद होते. संपादकांनी ‘हे खरेच घडले का’ असे विचारलेच, तर वहीतील पहिल्या रकान्यात जेवढे आहे तेवढेच त्यांना सांगावे.